घरजावयांचा महासागर

१७६९च्या ऑक्टोबरात कॅप्टन जेम्स कुकचे 'एंडेव्हर' हे जहाज न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यावर तुपाया नावाचा एक माणूस होता. ताहितीजवळच्या रायातेआ बेटावरचा हा पुरोहित आणि निष्णात दर्यावर्दी कुकबरोबर ताहितीहून निघाला होता. किनाऱ्यावर शस्त्रे घेऊन उभ्या असलेल्या माओरींशी तो आपल्या भाषेत बोलला आणि त्याचे बोलणे त्यांना कळले. ताहिती ते न्यूझीलंड हे अंतर चार हजार किलोमीटर, तेही जवळजवळ सगळे पाण्याचे. पुढे मार्च १७७४मध्ये कुक रापा नुईला, म्हणजे ज्याला आपण ईस्टर बेट म्हणतो तिथे पोचला. तिथली भाषाही याच घराण्यातली निघाली. होकायंत्र नाही, लोखंड नाही, लिपी नाही आणि तरीही पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या महासागरात एकच समाज इतका दूरवर पसरलेला! हे लोक आले कुठून, हा प्रश्न कुकला पडला आणि पुढची दोनशे वर्षे ज्याला त्याला आपापले उत्तर सुचत राहिले.

त्यातले सर्वांत गाजलेले उत्तर थोर हेयरडाल या नॉर्वेजियन साहसवीराचे. पॉलिनेशियाचे, म्हणजे या सगळ्या दूरदूरच्या बेटांवरचे, लोक दक्षिण अमेरिकेतून आले, असे त्याचे म्हणणे होते. ते पटवण्यासाठी १९४७ साली तो पाच साथीदारांसह बाल्सा लाकडाच्या 'कॉन-टिकी' नावाच्या तराफ्यावर पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी रारोइआ या कंकणद्वीपावर आदळला. पुस्तक तुफान खपले, माहितीपटाला ऑस्कर मिळाले. असा प्रवास करता येतो, एवढेच त्याने सिद्ध केले होते. तो झाला होता असे नव्हे. पण साहसकथेपुढे हा फरक कोण लक्षात घेतो? भाषातज्ज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ आशियाकडे बोट दाखवत राहिले आणि लोक कॉन-टिकीचीच गोष्ट सांगत राहिले.

निकाल लागायला एक वेगळाच साक्षीदार यावा लागला. तो त्या बेटांवरच्या प्रत्येक माणसाच्या शरीरात होता आणि त्याच्या आईकडून आलेला होता.

आपल्या पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. मुख्य साठा केंद्रकात. तिथे सुमारे तीन अब्ज अक्षरांचे दोन संच, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. पुढच्या पिढीला देताना या दोन संचांची सरमिसळ होते, म्हणून कुठला तुकडा कुठल्या पणजोबाचा हे काही पिढ्यांतच सांगता येईनासे होते. दुसरा साठा अगदी छोटा. शाळेच्या पुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हणतात, त्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये डीएनएचे एक वर्तुळ असते. त्यात अवघी १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके. गर्भाला या कणिका आईच्या बीजांडातून मिळतात. शुक्राणूतल्या मोजक्या कणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. म्हणून मुलगा असो वा मुलगी, दोघांकडे आईचीच प्रत येते. ती पुढे चालवते मात्र फक्त मुलगी. सरमिसळ नाही, वाटणी नाही. पणजीकडून आजीला, आजीकडून आईला, आईकडून तुम्हाला जसेच्या तसे. बदल होतो तो फक्त नक्कल करताना एखादे अक्षर चुकले तर.

याच चुका कामाच्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तेव्हा देशभरातल्या शेकडो हस्तलिखितांचा मेळ घालताना अभ्यासकांनी हेच तत्त्व वापरले होते. दोन पोथ्यांत एकच चूक नेमक्या एकाच जागी असेल, तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरलेल्या. चुकांच्या साम्यावरून पोथ्यांची कुळे लावायची आणि वंशवृक्ष काढायचा. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा वंशवृक्ष असाच निघतो. शिवाय केंद्रकातल्या डीएनएच्या एका पेशीत दोनच प्रती असतात, याच्या मात्र शेकडो ते हजारो असतात. त्यामुळे जुन्या हाडातही त्यातले काही हाती लागण्याची शक्यता अधिक.

हा वृक्ष जगभरच्या माणसांसाठी पहिल्यांदा नीट मांडला तो १९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या तिघांनी. १४७ जणांच्या नमुन्यांवरून (हे बहुतेक प्रसूतीनंतर मिळालेल्या वारेतून घेतलेले होते) त्यांनी दाखवले की आज जिवंत असलेल्या सगळ्यांच्या मातृरेषा मागे नेल्या तर त्या सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी मिळतात. वर्तमानपत्रांनी तिला 'ईव्ह' करून टाकले आणि जणू त्या काळी ती एकटीच बाई होती असा समज पसरला. तेव्हा इतर हजारो बाया होत्या. त्यांच्या मुलींच्या मुलींची साखळी मध्ये कुठेतरी तुटली, इतकेच. ॲलन विल्सन बर्कलीला काम करत, पण जन्माने न्यूझीलंडचे. माओरी राजपीठाचे गाव असलेल्या न्गारुआवाहियाचे. पॅसिफिकच्या कोड्याला त्याच मातीतल्या माणसाचे हत्यार उपयोगी पडले, हा योगायोग मला आवडतो.

या वृक्षाच्या फांद्यांना रोमन अक्षरांची नावे आहेत. आफ्रिकेतल्या जुन्या फांद्या 'एल'च्या. आफ्रिकेबाहेर पडलेल्या सगळ्यांच्या आया 'एम' आणि 'एन' या दोन फांद्यांतल्या. भारतात निम्म्याहून अधिक लोक 'एम'चे. 'एन'पासून 'आर' आणि 'आर'पासून, पूर्व आशियात, 'बी'. आपली गोष्ट या 'बी'ची आहे.

'बी'ची खूण मोठी ठळक आहे. या डीएनएत एका ठिकाणी नऊ अक्षरांचा एकच तुकडा लागोपाठ दोनदा येतो. 'बी' वंशाच्या मूळ आईत त्यातला एक तुकडा गळाला. लेखनिकाची नजर सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींतल्या पहिलीवरून दुसरीवर घसरावी, तसे. १९८९ साली संशोधकांना दिसले की पॉलिनेशियन लोकांत ही गळती जवळजवळ सगळ्यांकडे आहे. पूर्व आशियातही ती सापडते. प्रश्न सुटला?

नाही. कारण ही गळती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांतही आहे. 'बी'ची एक फांदी हिमयुगात सायबेरियाच्या अंगाने अमेरिकेत उतरली होती. म्हणजे नुसत्या नऊ अक्षरांच्या भरवशावर हेयरडालही खूश आणि त्याचे विरोधकही. मग पुढची अक्षरे वाचावी लागली. पॉलिनेशियन लोकांत १६,२१७, १६,२६१ आणि १६,२४७ या क्रमांकांच्या जागी ठरावीक बदल दिसतात. त्यातला पहिला अमेरिकेतल्या 'बी'तही आहे, पुढचे दोन नाहीत. आशियाकडे वळले की हे बदल पायरीपायरीने दिसतात. तैवानच्या मूळ रहिवाशांत आधीच्या पायऱ्या आहेत, पण १६,२४७ची शेवटची पायरी नाही. ती इंडोनेशियाच्या पूर्व टोकापासून पुढे दिसू लागते आणि पॉलिनेशियात पोचेपर्यंत जवळजवळ प्रत्येकात असते. या पूर्ण संचाला 'पॉलिनेशियन मोटिफ' हे नाव पडले. वंशवृक्षावर तिचा पत्ता बी४ए१ए१. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स आणि इतर काही गटांनी १९९५च्या सुमारास हे चित्र मांडले आणि तराफ्याचा सिद्धान्त आटोपला. आया आशियातून आल्या होत्या.

भाषेचा पुरावा याच दिशेचा होता. ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळात बाराशेच्या आसपास भाषा आहेत, मादागास्करपासून रापा नुईपर्यंत. रॉबर्ट ब्लस्ट यांच्या मांडणीनुसार या कुळाच्या दहा मूळ शाखांपैकी नऊ एकट्या तैवानात आहेत. बाकी सगळे जग मिळून दहावी शाखा. जिथे शाखांची गर्दी तिथे मूळ, हा भाषाशास्त्राचा जुना आडाखा. पुरातत्त्वही जुळते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी शेती आणि मडकी करणारे लोक तैवानहून फिलिपिन्समध्ये उतरले आणि साधारण ३,३०० वर्षांपूर्वी न्यू गिनीच्या ईशान्येकडील बिस्मार्क बेटांवर दातेरी ठशांची नक्षी असलेली मडकी अचानक दिसू लागली. न्यू कॅलिडोनियातल्या ज्या जागेवरून त्या संस्कृतीला नाव मिळाले, ती जागा लापिता. सॉलोमन बेटांपर्यंत माणूस तीस हजार वर्षांपूर्वीच पोचला होता. त्यापलीकडे साडेतीनशे किलोमीटरचे उघडे पाणी, आणि ते ओलांडणारे पहिले लोक हे लापिताचे. कोकणात होडीला तोलासाठी बाजूने उलांडी लावतात, तसली उलांडीची होडी त्यांच्याकडे होती. पुढे दोन होड्या जोडून मोठी जुळी गलबते झाली. दोन-तीन शतकांत ते व्हानुआतू, फिजी, टोंगा, सामोआला पोचले.

इथवर सगळे इतके गोड जुळत होते की कुणीतरी खोडा घालणे भागच होते. तसा तो घातला गेला. जॅरेड डायमंड यांनी १९८८ साली या प्रवासाला 'एक्स्प्रेस गाडी' म्हटले होते. तैवानहून निघाले ते वाटेत फारसे कुणात न मिसळता थेट पॉलिनेशियाला. विरोधकांनी 'संथ नाव' पुढे केली, वाटेत थांबत, मिसळत गेलेली. २०११ साली पेद्रू सुआरिश आणि मार्टिन रिचर्ड्स यांच्या गटाने कितीतरी पूर्ण मातृजनुकसंच वाचून हिशेब मांडला की पॉलिनेशियन मोटिफ न्यू गिनीच्या आसपास सहा हजार वर्षांपेक्षा जुनी आहे. लापिताच्या मडक्यांहून ती कितीतरी आधीची. मग तैवानच्या शेतकऱ्यांचे काय?

या वादात एक गोष्ट वारंवार निसटते. फांदी केव्हा फुटली आणि बाई होडीत केव्हा बसली, या दोन वेगळ्या तारखा आहेत. वंशवृक्ष पहिली तारीख सांगतो आणि आपल्याला हवी असते दुसरी. त्यात घड्याळही अगदी संथ. मायटोकॉन्ड्रियाच्या पूर्ण डीएनएत सरासरी साडेतीन हजार वर्षांत एक टिकाऊ बदल होतो. सहा हजार वर्षे म्हणजे जेमतेम दोन बदल. त्यावरून शतकांचे भांडण सोडवायला बसणे मला तरी धाडसाचे वाटते.

खरी गंमत तर पुढे आहे. मायटोकॉन्ड्रिया जसा आईकडून, तसे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. जर्मनीत मानफ्रेड कायझर यांच्या गटाने पॉलिनेशियन पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले, तर वेगळीच कथा निघाली. २००६ साली त्यांनी दिलेले आकडे असे: मातृरेषांपैकी ९४ टक्के आशियाई, ६ टक्के मेलानेशियन. पितृरेषांपैकी मात्र फक्त २८ टक्के आशियाई आणि ६६ टक्के मेलानेशियन. मेलानेशियन म्हणजे न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर हजारो वर्षे राहत असलेल्या लोकांचे. पूर्ण जनुकसंच पाहिला तर आशियाई भाग सुमारे ७९ टक्के, मेलानेशियन २१. एकाच समाजाच्या आया एका टोकाच्या आणि बाप दुसऱ्या टोकाचे.

असे कसे व्हावे? एरवी जिंकणारे पुरुष आणि स्थानिक बायका अशी उत्तरे आपल्याला पाठ असतात. इथे उलटे होते. बाहेरून आलेल्या आया आणि स्थानिक बाप. पेर हेगे आणि जेफ मार्क यांनी २००३ साली नात्यागोत्यांच्या जुन्या शब्दांवरून एक उत्तर सुचवले: हा समाज मातृवंशी होता आणि लग्नानंतर मुलगी नांदायला जात नसे, जावई येत असे. सगळेच घरजावई. खासी किंवा जुन्या नायर घरांची ओळख असलेल्याला यात नवल नाही. पश्चिम पॅसिफिकच्या कित्येक बेटांवर आजही जमीन आईकडून लेकीला जाते. अशा समाजात वाटेतल्या बेटावरचा पुरुष सहज सामावतो. त्याची मुले आईच्या कुळात वाढतात, आईची भाषा बोलतात. परकी सून मात्र क्वचितच येते. तीन-चारशे वर्षे हे चालले की पितृरेषा बदलून जातात आणि मातृरेषा आहे तशीच राहते.

उत्तर चटकदार होते, पण पुरावा आजच्या माणसांच्या रक्ताचा. प्राचीन हाडांशिवाय खात्री नव्हती, आणि उष्ण, दमट बेटांवर डीएनए टिकत नाही असा सगळ्यांचा समज. ती हाडे मिळाली व्हानुआतूत, एफाते बेटावरच्या तेओमा इथे. कोळंबी प्रकल्पासाठी माती काढताना बुलडोझरखाली नक्षीचे खापर आले आणि २००४पासून झालेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची लापिता दफनभूमी उजेडात आली. प्रौढांचे सांगाडे बिनशिराचे. दफनानंतर काही काळाने कवट्या काढून घेण्याची रीत होती, त्यातल्या थोड्या मडक्यात किंवा दुसऱ्याच्या छातीवर ठेवलेल्या मिळाल्या. अंतर्कर्णाभोवतीचे हाड शरीरात सर्वांत घट्ट असते आणि डीएनए टिकलाच तर तिथे टिकतो. २०१६ साली तेओमातल्या तीन आणि टोंगातल्या एका व्यक्तीचा डीएनए जगापुढे आला. मातृशाखा अपेक्षेप्रमाणे तीच, पॉलिनेशियन मोटिफची. पण पूर्ण जनुकसंचात न्यू गिनीचा अंश जवळजवळ नव्हताच. हे लोक आशियातून आले होते आणि वाटेत फारसे कुणात मिसळले नव्हते. एक्स्प्रेस गाडीवाले बरोबर निघाले.

मग मेलानेशियन बाप आले कधी? त्यानंतर. २०१८ साली दोन स्वतंत्र गटांनी व्हानुआतूतली आणखी हाडे वाचली. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीपासून तिथे न्यू गिनीकडचे रक्त येऊ लागते आणि हळूहळू जुन्या लोकसंख्येची जागा जवळजवळ पूर्णच घेते. भाषा मात्र आधीच्यांचीच राहते. म्हणजे हेगे आणि मार्क यांचा घरजावयांचा तर्क दिशेने बरोबर असला तरी ती देवघेव ज्या काळात घडली असे मानले जात होते, त्यानंतर ती झाली. मग २०२२ साली मायक्रोनेशिया आणि आसपासच्या १६४ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासाने मूळ तर्कालाच बळ दिले. मारियाना, व्हानुआतू आणि टोंगा इथल्या आरंभीच्या वसाहतींत पूर्ण जनुकसंचाच्या मानाने मातृरेषा एकमेकींपासून फारच वेगळ्या होत्या. बेट एकदा वसले की बायका तिथेच राहत, पुरुष बेटांमध्ये ये-जा करत. नवी बेटे शोधताना मात्र बायका होडीत असणारच. एरवी वसाहत झालीच नसती.

किती बायका होत्या, याचाही अंदाज काढला गेला. १९९८ साली माओरींच्या मातृरेषांतले वैविध्य मोजून संगणकावर उलटा हिशेब केला गेला. न्यूझीलंड वसवणाऱ्या ताफ्यात सुमारे ७० स्त्रिया असाव्यात, ५० ते १०० या मर्यादेत. नंतरच्या हिशेबाने तो आकडा दोनशेच्या घरात नेला. वायराउ बार या न्यूझीलंडच्या आद्य वस्तीतल्या चार व्यक्तींचे पूर्ण मातृजनुकसंच २०१२मध्ये प्रसिद्ध झाले, ते रांगीताने या माओरी वंशाच्या संमतीने. त्यातही अपेक्षेपेक्षा जास्त वैविध्य होते. वाऱ्याने भरकटलेली एखादी होडी योगायोगाने किनाऱ्याला लागली, ही जुनी समजूत त्याने निकालात निघाली. बायका-मुले, कंद, रोपे, कुत्री घेऊन ठरवून केलेले हे स्थलांतर होते.

याच होड्यांत बसलेल्या दोन सोबत्यांनी माणसाच्या कथेला दुजोरा दिला. एक उंदीर. पॅसिफिकचा छोटा उंदीर स्वतः समुद्र पोहून जात नाही, माणूस नेईल तिथे जातो. लिसा माटिसू-स्मिथ यांनी नव्वदच्या दशकातच त्याच्या मातृरेषांवरून होड्यांचे मार्ग शोधायला सुरुवात केली होती. न्यूझीलंड केव्हा वसले हेही याच उंदराने सांगितले. त्याने कुरतडलेल्या बियांचे कार्बन-१४ पद्धतीने वय काढले, ते इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचे निघाले. संथ आनुवंशिक घड्याळाला जे शतक कधीच दिसले नसते, ते उंदराच्या दातांनी दाखवले.

दुसरा सोबती म्हणजे एक झाड. कागदी तुती, जिच्या सालीपासून 'तापा' नावाचे कापड करतात. झाडाच्या हरितकणांतला डीएनएही साधारणपणे मातृझाडाकडूनच येतो. २०१५ साली तैवान आणि चिलीच्या संशोधकांनी तो तपासला. पॅसिफिकमधल्या कागदी तुतीची शाखा दक्षिण तैवानातली. शिवाय या बेटांवरची झाडे बहुतेक सगळी मादी आहेत, फांद्या तोडून लावत लावत पोचलेली. त्यांना बी धरत नाही. माणसाच्या हाताशिवाय ती इथे येणे अशक्य. माझ्या मते हा तैवानच्या बाजूचा सर्वांत निर्विवाद पुरावा आहे. माणसाच्या बाबतीत कुणी कुणाशी लग्न केले याची गुंतागुंत असते, खुंटे कापून लावलेल्या झाडाला ती नाही.

हीच मातृशाखा उलट दिशेलाही गेली आहे. आफ्रिकेपासून चारशे किलोमीटरवर असलेल्या मादागास्करात लोक भात खातात आणि त्यांची भाषा बोर्निओच्या आग्नेयेकडील मान्यान भाषेच्या सर्वांत जवळची आहे. ओट्टो डाल यांनी हे १९५१ सालीच दाखवले होते. त्यांच्या मातृरेषांत पॉलिनेशियन मोटिफ आहे, पण दोन जादा बदलांसह, म्हणून तिला मालागासी मोटिफ म्हणतात. पॉलिनेशियन लोक मादागास्करात गेले असा याचा अर्थ नव्हे. इंडोनेशियात एक आई, तिच्या लेकींचे वंश दोन्हीकडे. मरे कॉक्स यांच्या गटाने २०१२ साली हिशेब केला की मादागास्करची आजची लोकसंख्या सुमारे बाराशे वर्षांपूर्वी आलेल्या जेमतेम तीसेक स्त्रियांपासून वाढली, त्यातल्या बहुतेक इंडोनेशियाच्या. हिंदी महासागर आडवा छेदून सात हजार किलोमीटर! त्या पूर्वेकडून आल्या, आफ्रिकी आया आणि बाप पलीकडच्या किनाऱ्यावरून आले आणि दोन्ही मिळून मालागासी समाज झाला. मादागास्कर ४७ अंश पूर्वेला, रापा नुई १०९ अंश पश्चिमेला. मधले २०४ अंश, म्हणजे पृथ्वीचा अर्ध्याहून अधिक वळसा, आणि दोन्ही टोकांना एकाच आईच्या लेकी.

मातृरेषेचे कौतुक इथवर पुरे, आता तिला काय दिसत नाही ते. कुक बेटांवरच्या पुरुषांत निदान एक तृतीयांश वाय गुणसूत्रे युरोपीय आहेत, हे १९९८ साली दिसले. व्हेल मारणारे खलाशी, व्यापारी यांची ती वंशावळ. त्याच समाजाची मातृरेषा तपासा, या शिरकावाची खूणही दिसणार नाही. नुसत्या आईच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात गोरा माणूस त्या बेटावर आलाच नव्हता! आणि ज्या हेयरडालला मातृरेषेने हरवले, त्याला पूर्ण जनुकसंचाने थोडे परत दिले. २०२० साली आलेक्झांडर इओआनिडिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की इसवी सन १२००च्या सुमारास पूर्व पॉलिनेशियाचे लोक दक्षिण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत एकदा मिसळले. २०२४ साली रापा नुईच्या १५ जुन्या व्यक्तींच्या डीएनएत सुमारे दहा टक्के अमेरिकी अंश मिळाला, युरोपीय जहाजे येण्याच्या आधीचा. अमेरिकेचे रताळे पॉलिनेशियात कुक येण्याआधीच कसे होते, याचा उलगडा बहुधा यातच आहे. हेयरडालचा मूळ सिद्धान्त तरीही चूकच. भेट झाली होती, पण पॉलिनेशियाची मुळे अमेरिकेत नव्हती. जहाज बहुधा पॉलिनेशियनांचेच गेले असावे. समुद्र ओलांडायची सवय त्यांची होती.

आईची रेघ एक सांगते आणि बापाची दुसरे, याचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरही आहे. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे मराठी बोलणारे बेने इस्राएल सांगत आले. २०१६ साली त्यांच्या जनुकसंचांच्या अभ्यासात मध्यपूर्वेतल्या ज्यू समाजांशी खरोखरच नाते आढळले आणि भारतीय अंशही मोठा निघाला. ज्यू वारसा प्रामुख्याने पुरुषांकडून आला आणि भारतीय वारसा स्त्रियांकडून. कथेतल्या सात जोडप्यांपैकी पुरुषांच्या बाजूला विज्ञान दुजोरा देते, बायकांच्या बाजूला ते भारताकडेच बोट दाखवते. कुणी यांची फक्त मातृरेषा तपासून 'हे तर इथलेच' असा निवाडा दिला असता आणि दुसऱ्याने फक्त वाय गुणसूत्र पाहून 'हे तर तिथले' असे म्हटले असते, तर दोघेही अर्धे खरे आणि म्हणून पूर्ण चुकीचे ठरले असते.

आता लाळेची नळी टपालाने पाठवली की काही आठवड्यांत 'तुमचा हॅप्लोग्रूप (म्हणजे वृक्षावरची फांदी) एम अमुक' असा रंगीत नकाशा घरी येतो. तो खोटा नसतो. पण दहा पिढ्या मागे गेले तर गणिताने आपले १,०२४ पूर्वज होतात आणि मातृरेषा ही त्यातल्या एकीची गोष्ट. बाकीच्या १,०२३ जणांबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. त्या नकाशावरून आपली जात, धर्म, मूळ ठरवणाऱ्यांनी निदान पूर्ण जनुकसंचाचा अहवाल सोबत ठेवावा. एक काम मात्र पैसे न देता करण्यासारखे आहे. मातृरेषांचा अभ्यास करणारे संशोधक नमुना घेताना हमखास विचारतात की तुमच्या आईच्या आईचा जन्म कुठला. आपल्याकडे वंशावळी बापाच्या बाजूने लिहिल्या जातात, लग्नात मुलीचे आडनाव बदलते, कुठे कुठे पहिले नावही बदलते, त्यामुळे या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर नसते. ज्यांच्या घरी कुणा म्हाताऱ्या बाईला आपल्या आईचे आणि आजीचे माहेर अजून आठवते, त्यांनी ती गावे आणि ती नावे आजच लिहून घ्यावीत.